कूलरसमोर कापलेलं गाणं

फोन शालूताईच्या नंबरवरून आला. माझी ताई फोन करत नाही. करू शकत नाही. लकव्यानं तिची वाचा गेली त्याला आता काही वर्षं झाली. मोबाईलवर नावांऐवजी आमचे फोटो लावून द्यायचं काम मनोहर भाऊजींनी केलं होतं, 'वेळ पडली तर बोट तं ठेवता येईन तिले,' म्हणून. ती वेळ कधी पडली नव्हती. मी दुर्गला माझ्या घरी सकाळच्या शिकवणीला बसले होते, समोर दोन मुली पेटीवर अलंकार घोटत होत्या. 'हॅलो, ताई?' म्हटलं. पलीकडे नुसता श्वास... मग गुणगुणणं. आईच्या अंगाईची पहिली ओळ, शब्दांशिवाय, सुराला पक्की, आणि संपायच्या आतच तुटलेली. मी मुलींना तसंच सोडलं, पायांत दोन वेगवेगळ्या चपला घातल्या आणि ऑटोवाल्याला म्हटलं, 'भैया, भिलाई, स्मृति नगर, जल्दी चलो.' पोचले तर शेजारच्या काकी दारातच उभ्या. त्यांनी माझा हात धरला आणि आपल्या छत्तीसगढीत एवढंच म्हणाल्या, 'भइया चल दिस, बहिनी.'

भाऊजी स्वयंपाकघरात, गॅसवर चहाचं आधण ठेवून, खुर्चीवर बसल्या बसल्या गेले. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण तेरवीला जो तो म्हणत होता, 'वाद्य वाजवता वाजवता गेले, काय भाग्याचं मरण!' खोटं आहे ते. ते बायकोचा चहा करताना गेले. सकाळचा चहा तिला तेच करून देत, आणि माझ्या मते त्यात कुठल्याही वाद्यापेक्षा कमी भाग्य नाही.

तेरवी झाली, पाहुणे पांगले आणि घरात एकच प्रश्न उरला, ताईचं काय? त्यांचा मुलगा पंकज बंगलोरला असतो. पोरगा सोन्यासारखा आहे, त्याच्याबद्दल वाकडा शब्द मी ऐकून घेणार नाही. तो म्हणाला, 'मावशी, आईला मी घेऊन जातो. यहाँ अकेले कैसे छोडूँ?' बरोबरच होतं त्याचं. पण ताईला जायचं आहे का? ते कोण सांगणार? तिच्या हो-नाहीचं गणित लकव्यात पार विस्कटलंय. 'चहा घेते काय?' विचारलं तरी मान आडवी, 'नको ना?' विचारलं तरी आडवीच. ती काय म्हणते ते एका माणसाला कळायचं, आणि तोच गेला. त्यात भाऊजी गेल्यापासून तिनं गाणंही सोडलं. हो, गाणं. बोलता न येणारी माझी बहीण गात होती. ते कसं, हे सांगायचं तर भाऊजींच्या त्या भंगारातल्या पेट्यांपासूनच सुरुवात करायला हवी.

मी भाऊजींची एकुलती एक साळी. त्यांची थट्टा करायचा परवाना मला लग्नाच्या मांडवातच मिळाला होता आणि मी तो कधी बाद होऊ दिला नाही. आमचे बाबा रेल्वेत गार्ड. मूळ नागपूरकडचे, पण अख्खी नोकरी दुर्ग लाईनीवर. भाऊजी दुर्गच्या जुन्या मराठी घरातले आणि नोकरी पुढच्याच स्टेशनावर, भिलाईच्या पोलाद कारखान्यात, इन्स्ट्रुमेंटेशनला. 'म्हणजे काय करता?' असं मी लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळीत विचारलं होतं. 'भट्टीले ताप किती आला ते पायतो,' ते म्हणाले. 'डॉक्टरच समज.' पुढे कळलं की ते खरंच तसं होतं. भट्टीचा ताप, हवेचा दाब, सगळं मोजणारी यंत्रं त्यांच्या ताब्यात. यंत्रात कागदाची गुंडाळी सावकाश सरकत राहायची आणि पेन तिच्यावर रेघ ओढत राहायचं. रेघ वाकडी झाली की भाऊजींची झोप उडायची. हवा आणि कागद, या दोन गोष्टींत त्यांचा जन्म गेला.

आमच्या घरात गळा ताईला मिळाला आणि बोटं मला. भाऊजींना यातलं काहीच मिळालं नव्हतं. आरतीत ते टाळ्यासुद्धा चुकवत. म्हणूनच की काय, एकदा ते भिलाईच्या पॉवर हाऊस बाजारातल्या कबाड्याकडून एक जुना विलायती लाकडी डबा उचलून घेऊन आले. वर कागदाची पट्टी, बाजूला हँडल. हँडल फिरवलं की कागद सरके. कागदात भोकं पाडलेली. भोक समोर आलं की त्यातून हवा जाई, आतली पितळी पट्टी थरथरे आणि सूर निघे. 'बेबी, हे पाय,' भाऊजी मला म्हणाले, 'याले वाजवणारा लागतच नाई.'

'मग माझी शिकवणी बंद करू काय आता?'

'नाई नाई, तू शिकव. पोट्ट्यांचे हात बिझी राहायले पायजेत.'

असं आमचं चालायचं. मी म्हणायची, आपोआप वाजणारं वाद्य म्हणजे आपोआप होणारा स्वयंपाक, चव कुठून येणार? ते चिडायचे नाहीत. उलट मला पाटावर बसवून त्या वाद्यांच्या जाती समजावून सांगायचे. एका जातीत पितळेच्या नळ्यावर बारीक काटे ठोकलेले असतात. नळा एक फेरा फिरला की गाणं खलास, दुसरं ऐकायचं तर नळाच बदला. दुसऱ्या जातीत ताटाएवढी पत्र्याची चकती असते. ती बदलता येते, पण गाणं पुन्हा एका फेऱ्याएवढंच. 'अन् कागद?' असं ते स्वतःच विचारत आणि स्वतःच उत्तर देत, 'कागदाले फेरा नाई. जेवढा लांब कागद, तेवढं लांब गाणं.' असं बोलताना त्यांच्या चेहऱ्यावर जी चमक यायची ती मी पंकजच्या बारशालासुद्धा पाहिली नव्हती, आणि हे मी त्यांना तोंडावर सांगितलेलं आहे.

त्या पहिल्या डब्याची परीक्षा ताईनंच घेतली. 'आईची अंगाई वाजवून दाखवा,' म्हणाली. ही अंगाई आईनं स्वतः जोडलेली. आम्ही मामाकडून, नागपूरहून, पॅसेंजरनं दुर्गला परत यायचो तेव्हा ती आम्हाला मांडीवर घेऊन म्हणायची, 'भंडारा सुटलं, तुमसर आलं, निज माझे बाई, घर अजून लांब. गोंदिया सुटलं, आमगाव आलं, निज माझे बाई, घर अजून लांब...' अशी स्टेशनामागून स्टेशनं. आणि शेवटी, 'नांदगाव सुटलं, दुर्ग आलं, ऊठ माझे बाई, घर आलं.' त्यातल्या 'लांब'वर आई वरचा कोमल गंधार लावायची. तो लागला की खिडकीबाहेरचा अंधारसुद्धा आपल्या ओळखीचा वाटायचा. मी डब्याच्या पट्ट्या मोजून पाहिल्या, चौदा. त्यात तो सूर नव्हताच.

'भाऊजी, तुमच्या डब्यात आईचा कोमल गंधारच नाही.'

'मंग तो कुठं भेटन?' भाऊजींनी अगदी गंभीरपणे विचारलं, जसा काही तो नटबोल्ट. मी आणि ताई पोट धरधरून हसलो. पण हा माणूस खरंच त्याच्या शोधात निघाला. रिटायर झाल्यावर नांदगावकडच्या एका जुन्या मालगुजार जमीनदाराच्या घरातून त्यांनी एक मोठी पायपेटी मिळवली. आपल्या संगीत नाटकांत असायची तशी, पायानं भाता मारायची, फक्त हिच्या पोटात कागदाची गुंडाळी अडकवायची सोय. सूर सगळे, कोमल गंधारासकट. गाडीतून ती उतरवली तर हॉलमध्ये मावेना. जेवणाचं टेबल ठेवायचं की पेटी, असा सवाल आला. ताईनं टेबल बाहेर काढलं. तेव्हापासून त्या घरात सगळे चटईवर जेवतात, मीसुद्धा, गुडघे दुखत असूनही.

पेटी आली तशी मुकी. आता ती सुरू करताना जो घोळ झाला तो जगात फक्त आम्हा दोघांनाच घालता आला असता. भाऊजींचा जन्म कॉम्प्रेस्ड हवेत गेलेला. त्यांच्या कारखान्यात हवा म्हटलं की ती जोरानं ढकलायची. मी आपली पेटीवाली. आपल्या पेटीतही भात्यात हवा भरायची आणि ती पट्ट्यांमधून बाहेर फुंकायची. मी छातीठोकपणे सांगितलं, 'हवा भरा भाऊजी, बोलते की नाही पाहा.' त्यांनी टायरवाल्याकडून कॉम्प्रेसर आणला आणि भरली. आतल्या कापडी पिशव्या पुऱ्यांसारख्या टम्म फुगल्या आणि एकामागून एक फाटल्या. ताई स्वयंपाकघरातून ओरडली, 'काय फोडून राहिले तुमी दोघं?' त्या जातीची पेटी फुंकत नाही, ओढते. पाय मारले की आतली हवा बाहेर काढली जाते, आणि कागदाच्या भोकातून बाहेरची हवा आत शिरते. सूर त्या शिरण्याचा. भाऊजींनी हे शोधून काढलं आणि रबर लावलेलं कापड आणून प्रत्येक पिशवी नव्यानं शिवली. जवळच्या उतई गावच्या सुताराकडून नवे रूळ करून घेतले. मी मात्र आजही म्हणते की चूक पेटीची होती, वाद्यानं सरळ वागावं.

मग गुंडाळ्या आल्या, कोलकात्याहून. जुन्या, पिवळ्या, डब्यांवर नक्षी. बसवल्या तर रुंदीला ठीक, पण पेटीतून जे बाहेर पडलं ते ऐकून शेजारचं कुत्रं उठून गेलं. झालं होतं असं की त्या पियानोच्या गुंडाळ्या होत्या, आणि त्यातही दोन जातींच्या. एक पासष्ट सुरांची, एक अठ्ठ्याऐंशी सुरांची. कागद तेवढाच रुंद, पण एकीत भोकं विरळ, एकीत दाट. पेटीत कागदाखाली जी भोकं वाचणारी पट्टी असते तिच्याशी ती जुळली नाहीत तर 'सा'च्या जागी भलतंच काही. भाऊजी हे समजावत होते तेवढ्यात ताईनं एका वाक्यात निकाल लावला, 'म्हणजे नॅरोगेजच्या रुळावर ब्रॉडगेजची गाडी.' गार्डाची पोरगी ना. त्यानंतर भाऊजींनी बाहेरच्या गुंडाळ्यांचा नाद सोडला. आपल्या पेटीचं माप घेऊन ते जमिनीवर बसत आणि चामड्याला भोक पाडायच्या पंचनं स्वतःच कागद कापत. भजनं कापली, गणपतीच्या आरत्या कापल्या. आईची अंगाई तेवढी कापली नाही. ताईनंच अडवलं होतं. 'मी हावो ना गायले,' ती म्हणाली, 'कागद कावून पायजे?'

आणि मग ताईला लकवा झाला. उजवा हात गेला, पाय लंगडा झाला, आणि शब्द गेले, सगळेच्या सगळे. ती पाहायची, ओळखायची, रडायची, पण तोंडातून शब्द निघेना. एक बाई चित्रांचे पत्ते घेऊन बोलायला शिकवायला येत. बिचाऱ्या मायेनं विचारत, 'हे काय आहे? आंबा. म्हणा, आंबा.' ताई भिंतीकडे तोंड फिरवायची. मीही माझी पेटी घेऊन समोर बसले, 'म्हण ताई, भंडारा सुटलं...' आणि आम्ही सगळे तिच्या ओठांकडे टक लावून बसलो. तिनं ओठ घट्ट मिटून घेतले. मला माझाच राग आला, तिचा आला, देवाचाही आला. जिच्या गळ्यावर अख्खी कॉलनी हरतालिकेला जागायची, तिला 'आंबा' म्हणायची परीक्षा द्यावी लागत होती.

भाऊजींनी कुणाला काही सांगितलं नाही. त्या मे महिन्यात हॉलमध्ये कूलर लावून, त्याच्यासमोर चटईवर बसून त्यांनी अंगाई कापली. का, विचारलं तर म्हणाले, 'आता गायले कोणी नाई ना.' एवढंच. ते ऐकून मी स्वयंपाकघरात जाऊन उगीच भांडी घासली.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी ती वाजवली तेव्हा मी तिथं होते. ताई मागे दिवाणावर, भिंतीकडे तोंड करून. कूलरच्या घरघरीत पेटी ऐकू येत नाही म्हणून भाऊजींनी तो सकाळपासूनच, गुंडाळी बसवायला घेतली तेव्हापासून, बंद ठेवला होता. ते बाकावर बसले, पाय मारू लागले. भंडारा सुटलं, तुमसर आलं... ओळ छान चालली आणि 'लांब'वर येऊन घसरली. कोमल गंधाराच्या जागी रिषभ. मी तोंड उघडणार, तेवढ्यात दिवाणावरून आवाज आला, 'अं हं!'

मी वळून पाहिलं. ताई भिंतीकडे पाहत नव्हती. तिच्या कपाळाला आठी पडली होती, माझ्या लहानपणी मी चुकले की पडायची तशीच. भाऊजींना वळून पाहता आलं नाही. पाय थांबले की पेटी थांबते, त्यामुळे ते पुढे मारत राहिले. गोंदिया सुटलं, आमगाव आलं... पुन्हा 'लांब', पुन्हा रिषभ. आणि ताईनं पेटीच्या वरून खरा सूर लावला. नुसता 'आ', पण काय सूर होता! तिसऱ्या ओळीला ती आधीच वाट पाहत होती. पेटी चुकायच्या आत तिनं म्हटलं, स्पष्ट, कोमल गंधारावर, 'लांब.'

मी हुंदका आवरला नाही, कशाला आवरू? भाऊजींची पाठ तेवढी हलत होती. गुंडाळी संपेपर्यंत ते वळले नाहीत, आणि संपल्यावर म्हणाले, 'बेबी, कागद कावून चुकला असन?'

चुकायचं कारण कूलर होतं. कूलरच्या ओल्या हवेत कागद थोडा पसरलेला, तसाच त्यांनी मापून कापला. कूलर बंद झाल्यावर त्या मेच्या दुपारी तो सुकून आखडला. मधली भोकं जागच्या जागी राहिली, पण सगळ्यात वरचा सूर कागदाच्या अगदी कडेला, तो शेजारच्या घरात जाऊन बसला. भट्टीची रेघ केसभर सरकली तर झोप न येणारा हा माणूस. मला वाटलं, आता रात्रीतून नवी गुंडाळी कापणार. पण त्यांनी त्या गुंडाळीला हात लावला नाही. 'राहू दे,' म्हणाले, 'तिले दुरुस्त करायले काई तरी पायजे.' पावसाळ्यात कागद पुन्हा फुगला की तो सूर आपोआप बरोबर लागायचा, आणि मग ताई नापास करायला आलेल्या मास्तरीणबाईसारखी हिरमुसायची.

माणसं तोंडाकडे पाहत असली की ताईचं तोंड बंद. पेटी वाजवणारा मात्र पेटीकडेच तोंड करून बसतो. भाऊजींची पाठ समोर असली की ती गाऊ लागायची. ते मी लवकरच ओळखलं आणि आले की गुपचूप खिडकीतून बाहेर पाहत बसायची. एकेक स्टेशन परत यायला महिने लागले. पेटीच्या उजवीकडे एक दांडी आहे. ती सरकवली की कागद हळू चालतो, पण सूर उतरत नाही. जुनी टेप हळू केली की आवाज जाडा व्हायचा, तसं यात नाही. कागद मुंगीच्या चालीनं गेला तरी गंधार तो गंधारच. पंकजनं एकदा मोबाईलवर दाखवलं, 'मावशी, इसमें भी स्लो होता है.' होतं की, पण मोबाईल थांबत नाही. आमगावनंतरचं 'सालेकसा' म्हणायला ताईला जो वेळ लागायचा, तेवढा वेळ भाऊजींचे पाय थांबून राहायचे.

मग त्यांनी दुसरी गुंडाळी कापली. ते मला सांगायचे की मोठ्या वाद्यांच्या गुंडाळ्यांत मुळात दोन तऱ्हा असतात. एक पट्टीनं मोजून कापलेली, सगळ्या मात्रा एकसारख्या. दुसरी एखाद्या वादकानं वाजवताना त्याच्या हाताखाली खुणा घेऊन कापलेली, त्याचं रेंगाळणं, त्याची घाई, सगळं कागदावर. पहिली गुंडाळी मोजून कापलेली होती. आता ते एका हातात पेन्सिल धरून बसू लागले. ताई गायची, कागद सरकायचा, आणि शब्द जिथं निघाला तिथं हे बारीक खूण करायचे, कारखान्यात पेन रेघ ओढायचं तसं. त्या खुणांवर नवी गुंडाळी झाली. डोंगरगडच्या आधी तिचा श्वास कुठं अडतो, 'घर'वर ती किती थबकते, ते सगळं तिच्यात आहे. मी जन्मभर म्हणत आले की कागदाला गाणं येत नाही, आणि आजही म्हणते. पण त्या कागदाला माझी बहीण येते.

त्या गुंडाळीवर ताई दुर्गपर्यंत पोचली, सगळी स्टेशनं, सगळे शब्द. पण गाण्याबाहेर एक शब्द नाही. पाणी नाही, चहा नाही, दुखतंय नाही, भाऊजींचं नाव तर नाहीच. शिकवणाऱ्या बाई म्हणायच्या, आता गाण्यातून बोलण्यात यायचं. भाऊजींनी 'पाणी दे'लाही चाल लावून एक गुंडाळी केली होती. ताईनं ती ऐकून अशी मान फिरवली की ती परत लागली नाही. भाऊजी म्हणाले, 'बरोबर हाये तिचं. चाल भिकार होती.' चाल मीच दिली होती.

असे दिवस चालले होते, आणि ती सकाळ आली.

तेरवीनंतर पंकजनं तिकिटं काढली. पेटी बंगलोरच्या फ्लॅटमध्ये जाणं शक्य नव्हतं. कुणा संग्रहवाल्याशी त्याचं बोलणं चाललं होतं. माझं आणि त्याचं कडाक्याचं भांडण झालं. 'तिला विचारलंस का?' मी म्हटलं. 'कैसे पूछूँ, मावशी? तूच सांग ना, कैसे?' असं म्हणून तो रडायला लागला, आणि मग मला भांडता येईना. ताई दिवाणावर बसून आमच्या दोघांच्या तोंडाकडे पाहत होती. तिचे कपडे बॅगेत जात होते, तिच्यासमोर, आणि तिच्याजवळ 'थांबा' म्हणायला शब्द नव्हता. किंवा 'चला' म्हणायला. मला खरंच माहीत नव्हतं तिला काय हवंय, आणि हेच मला सहन होईना.

मी उठले आणि बाकावर जाऊन बसले. त्या बाकावर मी कधी बसले नव्हते. मी हाताची पेटी वाजवणारी, माझे पाय कशाला चालतात? गुंडाळी लावली, ताईच्या श्वासाची, आणि मारले पाय, वेडेवाकडे. भंडारा सुटलं, तुमसर आलं. मागे शांत. गोंदिया सुटलं. मागे शांत. वळून पाहण्याची अशी अनावर इच्छा झाली की मान दुखायला लागली. पाहिलं नाही. दांडी हळूकडे सरकवली आणि मारत राहिले. आमगाव, सालेकसा... पंकजचं बॅग भरणं थांबल्याचं कानाला कळलं. दरेकसा सुटलं, आणि डोंगरगडच्या आधी, जिथं कागदात तिचा श्वास अडतो त्या रिकाम्या जागेत, मागून श्वास घेतल्याचा आवाज आला. मग ताई गायली. डोंगरगड आलं, निज माझे बाई, घर अजून लांब. आवाज फाटलेला, पंधरा दिवस न वापरलेला, पण सूर जागच्या जागी. नांदगाव सुटलं, दुर्ग आलं, ऊठ माझे बाई, घर आलं.

गाणं संपलं. पण गुंडाळी गाण्याबरोबर संपत नाही. शेवटी हातभर कोरा कागद ठेवावाच लागतो, नाहीतर ती रुळावरून निसटते. भोकं नसलेला तो कागद सरकत होता, पेटीत नुसता भात्याचा श्वास होता, आणि मला पाय थांबवायचं सुचलं नाही. तेवढ्यात मागून ताई बोलली. गायली नाही, बोलली. चाल नाही, सूर नाही, साधं, जड जिभेचं बोलणं.

'भिलाई... आलं.'

मग पंकजनं अगदी हळू आवाजात विचारलं, 'मावशी, ये तो गाने में नहीं है ना?'

'नाही,' मी म्हटलं.

मी वळले नाही. भाऊजीही वळले नसते. पाय मारत राहिले, आणि मागे बॅगेची चेन उघडल्याचा, कपडे पुन्हा कपाटात ठेवल्याचा आवाज ऐकत राहिले.